वंशावळीबाहेरचा राघो

मंगळवार, अकरा फेब्रुवारी १९९७. सकाळी सव्वादहाला गोडदेव गावात, भावाच्या घरी, दुर्गाला उलटी झाली. मोरीपर्यंत ती पोचलीच नाही, उंबऱ्यापाशी बसली आणि सकाळचा चहा बाहेर आला. वैजयंता वैनीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कितवा?"

"दीड झाला असंल," दुर्गा म्हणाली आणि पदराने तोंड पुसत हसली.

तिची थोरली बहीण सुगंधा अंगणात कोयत्यावर बोंबील साफ करत होती. भावाकडे जेवायला यायचं तर रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून तिनेच ते आणले होते. दुर्गाचं बोलणं ऐकू आलं तरी तिचा हात थांबला नाही. एक बोंबील मात्र नको तितका चिरला गेला. तिने तो बाजूला मांजरासाठी टाकला.

दुर्गा सत्तावीस वर्षांची, सुगंधा बत्तीसची. दुर्गाला सहा वर्षांची समिधा होती, शाळेत पहिल्या बाकावर बसणारी. सुगंधाला नऊ वर्षांचा सोनू होता. त्याच्यानंतर तिला काही झालं नाही, आणि गेल्या दिवाळीपासून तिची पाळीच थांबली होती. बत्तिसाव्या वर्षी. हे तिने नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

मावशीचा आवाज ऐकून सोनू मागच्या अंगणातून धावत आला. लांबट चेहरा, आरपार ऊन दिसावं असे मोठे कान. आनंद झाला की तो दोन्ही हात तोंडापुढे फडफडवायचा, तसे फडफडवत तो दुर्गापुढे उभा राहिला. नजर तिच्याकडे नाही, बाजूच्या कणगीकडे. "दुर्गामावशी. दुर्गामावशी. दुर्गामावशी."

"सुगंधाबाय," वैनी म्हणाली, "त्याला जरा मागल्या दारी ने. पहिल्या महिन्यांत बाईनं बघावं ते चांगलं बघावं."

चुलीवरचं भांडं उतरव म्हणावं, तितक्या सहज ती म्हणाली. दुर्गाला "असू दे" म्हणता आलं असतं. तिने मान वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. त्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र होतं.

सुगंधाने बोंबलाच्या ओल्या हातानेच सोनूचं मनगट धरलं आणि त्याला मागे नेलं.

जेवणं झाल्यावर भावाने, दत्तारामने, चटईवर कागद पसरले. घरामागच्या शेताचा तुकडा बिल्डरला द्यायचा ठरत होतं. त्यासाठी दोघी बहिणींनी हक्कसोड करून द्यायची होती. गावात सगळ्याच बहिणी देत. साडी नेसून यायचं, सही करायची, भाऊ जेवायला घालतो. त्यात वाद नव्हता.

"ही वंशावळ," दत्ताराम म्हणाला. "तलाठ्यानं काढून दिलीय. झेरॉक्स एकेक ठेवा तुमच्याकडं."

वर आजा दगडू, त्याच्या शेजारी हौसाबाई. तिथून एक रेघ खाली दशरथवर. दशरथच्या खाली तीन रेघा: दत्ताराम, सुगंधा, दुर्गा.

दशरथ, त्यांचा बाप, कोपऱ्यात जाळं घेऊन बसला होता. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरायचा. सुई जाळ्याच्या डोळ्यातून जायला चार वेळा हुकायची. लोक म्हणत दारू, पण दारू त्याने कधीच सोडली होती. तो पुढे सरकला, कागदावर वाकला.

"राघो कुठंय?"

"बाबा, राघोकाकाला ना बायको, ना पोर," दत्ताराम म्हणाला. "त्याला घातला तं दाखला मागतील. मेल्याचा दाखला पण न्हाय आपल्याकडं."

"माझ्या आधी जल्मला तो."

दत्तारामने कागदांची घडी घातली.

सुगंधाचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. नवरा जीवन खाडीत रेतीच्या होडीवर. तळाशी बुडी मारायची, घमेलं भरायचं, वर यायचं. त्याच्या कानातून बारा महिने पाणी वाहायचं आणि त्याच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं. सुगंधा बंदरावरून मासळी घेऊन जेसल पार्कच्या कोपऱ्यावर बसायची. शाळेने दोनदा सोनूला घरी पाठवल्यापासून तो तिच्या शेजारी, छत्रीखाली.

"मौसी, ये पापलेट कल का है क्या?" नव्या बिल्डिंगमधली एक बाई वाकून विचारत होती.

"कल का होता तो तेरे को देती क्या? सुबह का है. आँख देख उसकी."

"कल का है क्या," सोनू म्हणाला. "कल का है क्या. कल का है क्या."

शेजारची मासळीवाली खदखदून हसली. "बग, तुझाच पोर तुझा धंदा बसवतोय."

बाई पापलेट टाकून पुढे गेली. सुगंधा सोनूवर चिडली नाही. ती दुर्गावर चिडली. हे तिलाही चमत्कारिक वाटलं, पण हल्ली सगळ्याचा शेवट दुर्गापाशी व्हायचा. काशीगावचं दुर्गाचं पक्कं घर. नवरा लोकेश कारखान्यात सुपरवायझर, सहाच्या ठोक्याला घरी. पाणी गाळायचं यंत्र. समिधाचं बक्षिसाचं कंपास. दुर्गाच्या हाताला मासळीचा वास येत नाही, हे तर सुगंधाला सगळ्यांत लागायचं. एकाच आईच्या पोटची. तिला दूध पाजायला आईला सवड नव्हती तेव्हा सुगंधानेच पेज भरवलेली.

गुरुवारी, वीस फेब्रुवारीला, सुगंधा सोनूला घेऊन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. शाळेतल्या बाईंनीच तिकडे पाठवलं होतं. डिसेंबरात सोनूचं रक्त घेतलेलं, रिपोर्ट आज मिळायचा होता. मागच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, येताना घरातल्या सगळ्यांची माहिती आणा, कुणाला किती मुलं, कोण कसं. सुगंधा चौथी शिकलेली. एवढं कुठे लिहीत बसायचं? तिने पिशवीतून तलाठ्याच्या वंशावळीची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी ती उलटसुलट पाहिली. "हे कशाचं?"

"आमची वंशावळ. सरकारी हाय. शिक्का बघा."

"वडिलांना भाऊबहीण कुणी नाही?"

"न्हाय त्यात."

"यात नाही ते दिसतंय. वारस कोण ते मला नको. जन्मलं कोण, ते सांगा."

सुगंधाने झेरॉक्स आपल्याकडे ओढली, पुन्हा पुढे सरकवली. मग म्हणाली, "एक काका होता. राघो. त्याचं नाव घालीत न्हायत. येडा होता तो."

बाईंनी पेन उचललं. "येडा म्हणजे कसा?"

कसा म्हणजे काय सांगायचं? अख्खा जन्म दुसऱ्यांच्या होड्या ओढल्या. एक शब्द दोनदा, तीनदा बोलायचा. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. लग्नाची वाजंत्री आली की कानावर हात ठेवून जाळ्यांच्या खोपटात जाऊन बसायचा. लहानपणी त्याची थाळी सुगंधाच नेऊन द्यायची. तो मेला तेव्हा ती सोनूच्या वेळी पाच महिन्यांची होती.

"आणि कान?" बाईंनी विचारलं.

सुगंधाने सोनूकडे पाहिलं. तो पंख्याच्या पात्यांकडे बघत होता. ज्या पोराला उठता-बसता नऊ वर्षं बघितलं, त्याचे कान कुणाचे हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

"हेच," ती म्हणाली.

बाईंनी वंशावळ उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला दुसरी काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. राघोचा चौकोन त्यांनी काळा केला, सोनूचा काळा केला. मग हौसाबाईच्या गोलात एक ठिपका दिला, दशरथच्या चौकोनात ठिपका दिला.

"सोनूची बुद्धी मागे राहिली, ते रक्तातून आलंय. तुमच्या आजीकडून तुमच्या काकांकडे आणि वडिलांकडे. काकांमध्ये ते मोठं झालं. वडिलांमध्ये लहानच राहिलं, म्हणून त्यांच्यात ते दिसलं नाही. बाप मुलीला एक धागा देतो आणि मुलाला दुसरा. दोष मुलीला मिळणाऱ्या धाग्यात आहे. तो तुमच्यात आला. तुमच्याकडून मुलाकडे जाताना वाढला." त्या थांबल्या. "तुमच्या हातून काही चुकलं म्हणून नाही झालं हे. पाळी कशी आहे तुमची?"

सुगंधाने सांगितलं. बाईंनी तेही लिहून घेतलं. "तेसुद्धा यातलंच असू शकतं."

"माझ्या भावाला हाय का?"

"नाही. त्याला वडिलांचा दुसरा धागा गेला. त्याच्या मुलांनाही नाही."

"आन बहिणीला?"

"वडिलांकडे मुलींना द्यायला तो एकच धागा होता. तुमच्या बहिणीत असणारच."

असणारच. सुगंधाच्या तोंडात त्या शब्दाची गोडी उतरली, आधी जिभेवर, मग घशात. काशीगावच्या घरात, गाळलेलं पाणी पिणाऱ्या दुर्गाच्या अंगात, तेच. त्या गोडीची तिला लाज वाटायला हवी होती. पण लाज वाटायच्या आधी बाईंनी पुढचं विचारलं.

"तिला मुलं?"

"एक पोरगी. हुशार हाय."

"चांगलं झालं. ते दर वेळी जातंच असं नाही. निम्म्या वेळा जातं, निम्म्या वेळा नाही. मुलींना गेलं तरी त्रास बहुतेक कमी होतो. आत्ता गरोदर आहे का ती?"

"न्हाय," सुगंधा म्हणाली.

बाईंनी तरीही चिठ्ठी लिहून दिली, मराठीत, सुवाच्य अक्षरात: बहिणीस दिवस राहिल्यास तीन महिने पुरे होण्याआधी गुरुवारी घेऊन यावे. खाली सही आणि तारीख. सुगंधाने ती चिठ्ठी झेरॉक्सच्या घडीत ठेवली, घडी प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि कमरेला खोचली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुर्गाचा निरोप आला: ताय, मना कालवं खावीशी वाटतात.

ओहोटीला सुगंधा खाडीच्या खडकावर गेली. गुडघाभर चिखल, हातात लोखंडी टोचा. कालवाचं शिंपलं खडकाला धरून असतं. नेमक्या जागी टोचा मारला तरच उघडतं, नाहीतर हात कापतो. दोन तासांत तिने डबा भरला. तीन बोटं कापली. त्याच हाताने ती काशीगावला गेली.

दुर्गाच्या सासूने सोनूला ओट्यावर बसवलं. "बसू दे त्याला हितंच, वारा लागतो," म्हणाली आणि आतून कडी लावून घेतली.

दुर्गा खाटेवर पाय लांब करून बसली होती. चेहरा भरला होता. समिधा बाराचा पाढा म्हणून दाखवत होती, कुणी सांगितलं नसताना.

"ताय, बोटं कापलीस गो," दुर्गा म्हणाली.

"कालवं काय आपोआप येतात?"

"तू लय करतंस माझं." दुर्गाने डबा उघडून वास घेतला. "या वेळी पोरगाच, सासू म्हणते. पोट टोकदार दिसतं म्हणं."

"दोन महिन्यांत कसलं टोक?"

दुर्गा हसली. सुगंधाही हसली. कमरेला प्लास्टिक टोचत होतं. आता सांगायचं, असं तिने ठरवलं. हात कमरेकडे नेलाही. तेवढ्यात बाहेर सोनूने दारावर थापा मारायला सुरुवात केली. "दुर्गामावशी. दुर्गामावशी." आणि दुर्गा पाण्याच्या भांड्याकडे बघत म्हणाली, "ताय, तो आत नको हां आत्ता. रागावू नको."

"मी कशाला रागवू," सुगंधा म्हणाली आणि उठली.

हायवेपर्यंत ती सोनूचा हात धरून चालत गेली. चिठ्ठी होती तिथेच होती.

चौदा मार्चला, शुक्रवारी, हक्कसोड. निबंधकाच्या कचेरीत बाक भरलेले. दोघी बहिणी दत्तारामने आणलेल्या साड्यांत, दोन्ही सारख्या, हिरव्या. लोकेश रजा टाकून आलेला. जीवन सोनूला घेऊन बाहेर पायरीवर. दशरथचा अंगठा घ्यायचा होता. हात इतका थरथरला की तीन ठसे वाया गेले. चौथ्या वेळी कारकुनाने त्याचं मनगट टेबलावर दाबून धरलं, कोंबडी धरावी तसं, आणि ठसा उमटवला.

"याखेरीज आणखी कुणी वारस?" कारकुनाने वर न बघता विचारलं.

"कुणी न्हाय," दत्ताराम म्हणाला.

सुगंधाने सही केली. दुर्गाने केली. बाहेर व्हरांड्यात वैनी पेढे वाटायला लागली. दुर्गाने पेढा तोंडात घातला आणि सुगंधाच्या कानाशी म्हणाली, "आज दहावा आठवडा सरला. डाक्तरीण म्हणाली, आता बारावा पुरा जाला की धोका न्हाय."

ती आनंदाने सांगत होती, पहिल्यांदा कुणाला सांगायचं तर तायला, अशी. सुगंधाने कमरेचं प्लास्टिक काढलं.

"हे वाच," ती म्हणाली.

दुर्गाने वाचलं. मग सुगंधाने तिला राघोकाकाचं सांगितलं, धाग्याचं सांगितलं, जसं आठवत होतं तसं. ऐकता ऐकता दुर्गाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि मग परत चढला.

"माझ्यात?" दुर्गा म्हणाली. "माझ्यात कसं? माझी समिधा बघ. तू तुझं माझ्यावर लोटतंस. लहानपणापासनं तुला माझं बघवत न्हाय, ताय."

व्हरांड्यातले लोक बघायला लागले. वैनी पेढ्यांचा पुडा घेऊन थांबली.

"न्हाय बघवत," सुगंधा म्हणाली. "खरं हाय. पण कागद डाक्तरचा हाय, माझा न्हाय."

दुर्गाने चिठ्ठी टाकून दिली. ती दत्तारामच्या पायाशी पडली. त्याने उचलली नाही. "माझ्या पोरांना काय हाय का?" त्याने विचारलं.

"तुला काय न्हाय. तुझ्या पोरांना पण काय न्हाय."

दत्तारामने बायकोकडे पाहिलं. वैनीने सुटकेचा श्वास टाकला, आणि सगळ्यांना तो ऐकू आला. तिने लगेच पदर तोंडाशी नेला, पण दुर्गाने तो श्वास ऐकला होता. अशा वेळी कुणाला कसं सुटल्यासारखं वाटतं, हे दुर्गाला त्या क्षणी कळलं असावं. कारण ती सुगंधाकडे वळली, वैनीकडे नाही.

चिठ्ठी लोकेशने उचलली. तो हिशेबी माणूस, कारखान्यात गेट पास तपासणारा. त्याने ती वरून खालपर्यंत वाचली.

"ताय, ही वीस फेब्रुवारीची हाय," तो म्हणाला. "आज चौदा मार्च."

सुगंधाने रिकाम्या प्लास्टिकची घडी घालून ते परत कमरेला खोचलं.

"तेवीस दिवस होती तुमच्याकडं?"

"बावीस," दशरथ मागून म्हणाला. तो बाकावर बसून बोटांवर मोजत होता, आणि त्याला आणखी काही कळलेलं दिसत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी, वीस मार्चला, सुगंधा सकाळी साडेआठला हॉस्पिटलच्या बाकावर होती. मासळी घेतली नव्हती. तिने डॉक्टरीणबाईंना आधी सांगून टाकलं: मागल्या वेळी मी खोटं बोलले, बहिणीला तेव्हाच दिवस होते. बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"का?" त्यांनी विचारलं.

"तिच्याकडं सगळं हाय म्हणून," सुगंधा म्हणाली.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "अजून वेळ गेलेली नाही. पण ती यायला हवी."

दहा वाजले. अकरा वाजले. अकरा चाळीसला दुर्गा आणि लोकेश आले. दुर्गा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे चार बायका. आतून नाव पुकारलं तेव्हा ती उठली, आणि सुगंधापुढून जाताना तिने पदर आवरून घेतला. ती अर्धा तास आत होती. कोपराच्या घडीत कापूस धरून बाहेर आली. लोकेशने सुगंधाला एवढंच सांगितलं: पुढच्या गुरुवारी पोटातून सुईने नमुना घेणार, मग रिपोर्टला महिना. विसाव्या आठवड्यापर्यंत पोर ठेवायचं की नाही ते ठरवता येतं, कायद्यानं.

पुढच्या गुरुवारी नमुना घेतला. हे सुगंधाला दत्तारामकडून कळलं.

एप्रिलभर ती जेसल पार्कला बसली. ऊन वाढलं, बर्फ दुपारपर्यंत टिकेनासा झाला. मासळी कापता कापता ती देवाकडे मागणं मागायची. सकाळी मागायची की दुर्गाचं पोर चांगलं निघू दे. दुपारपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे ते चांगलं पोर वाढायचं, शाळेत जायचं, बाराचा पाढा म्हणायचं, आणि त्याची आजी सोनूला ओट्यावर बसवायची. मग मागणं तिच्या तोंडातच फिरायचं. संध्याकाळी ती खडबडून जागी झाल्यासारखी पहिलं मागणं परत मागायची. एका दिवसात एकच मागणं शेवटपर्यंत टिकलं, असं महिन्यात एकदाही झालं नाही.

सोमवारी, अठ्ठावीस एप्रिलला, दुपारी एकला तिने नाक्यावरच्या एसटीडी बूथमधून हॉस्पिटलला फोन लावला. नाव सांगितलं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"रिपोर्ट आलाय," बाई म्हणाली. "शनिवारी आला."

"काय हाय त्यात?"

"तुम्ही पेशंट?"

"बहीण."

"बहिणीला नाही सांगता येत. पेशंट स्वतः घेऊन गेल्या, शनिवारी बारा वाजता. सही आहे त्यांची."

सुगंधाने फोन ठेवला. शनिवार, रविवार, अर्धा सोमवार. दुर्गाला कळून दोन दिवस होऊन गेले होते. सतरावा आठवडा चालू होता. तिने दत्तारामकडे माणूस पाठवला. दत्तारामला रिपोर्ट आल्याचंच माहीत नव्हतं. काशीगावला घर बंद नव्हतं. तिकडून येणाऱ्या भाजीवालीने सांगितलं की दुर्गाने सकाळी नेहमीसारखी भेंडी घेतली, घासाघीस केली, समिधाला सुट्टी लागल्याचं बोलली. आणखी काही नाही.

सोमवारी संध्याकाळी सातपर्यंत तिकडून निरोप आला नव्हता. या वेळी कागद दुर्गाकडे होता, आणि दिवस मोजणारी सुगंधा होती.